मायना आणि मजकूर

प्रत्येक देशाची, प्रत्येक समाजाची आणि प्रत्येक व्यवसायाची बोलण्या-लिहिण्याची एक स्वतंत्र रीत असते. बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु एकाच गावात राहणाऱ्या व एकच भाषा बोलणाऱ्या सावकाराची, कुळकर्ण्याची, सुताराची आणि शिपायाची धाटणी भिन्न असते, इकडे आपले फारसे लक्ष जात नाही. शब्द तेच असले तरी कोणता शब्द कोणापाशी वापरावा, काय उघड बोलावे व काय झाकून ठेवावे, पत्राचा आरंभ कसा करावा व शेवट कसा करावा, याचे नियम प्रत्येकाचे निराळे. हे नियम कोणी ग्रंथात घालून दिलेले नसतात, पण ते मोडले की माणसे दुखावतात, व्यवहार अडतात आणि क्वचित मोठे अनर्थही ओढवतात. प्रस्तुत लेखक हा काही इतिहाससंशोधक नव्हे. प्राथमिक शाळेत आयुष्य घालविलेला एक शिक्षक आहे. तथापि मुलांना पत्रलेखन शिकविता शिकविता आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांची जी गोडी लागली, तिच्या आधारे या विषयाची थोडी ओळख ज्ञातिबंधू-भगिनींस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जुन्या मराठी पत्राची तीन अंगे असत: मायना, मजकूर आणि समाप्ती. आजच्या वाचकाला मजकूर तेवढा महत्त्वाचा वाटतो व मायना ही वायफळ शब्दांची आरास वाटते. पूर्वीच्या कारकुनाला तसे वाटत नसे. पत्र हाती पडताच त्याची नजर प्रथम मायन्यावर जाई. कारण पत्र लिहिणारा आपणास कोणत्या पायरीवर लेखतो, हे तेथेच समजत असे. सेवकाने धन्यास लिहावयाचे तर 'स्वामींचे सेवेसी' म्हणून आरंभ करावयाचा, स्वतःस 'विनंति सेवक' म्हणवून घ्यावयाचे आणि 'कृतानेक साष्टांग नमस्कार विज्ञापना' करून मग मुद्द्याकडे वळावयाचे. सरदारास किंवा मातबर गृहस्थास लिहिताना 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' असा मायना असे. विद्वान ब्राह्मणास 'वेदशास्त्रसंपन्न', वडिलांस 'तीर्थरूप', मुलास 'चिरंजीव', सुवासिनीस 'वज्रचुडेमंडित' आणि विधवेस 'गंगाभागीरथी'. गावच्या पाटलाला सरकारातून कागद जाई तेव्हा मात्र 'मोकदम मौजे अमुक' एवढ्यावर काम भागे. समाप्तीही अशीच बोलकी असे. 'जाणिजे' असा शेवट असला की लिहिणारा वरिष्ठ आहे असे ओळखावे. 'हे विनंति' असेल तर तो कनिष्ठ किंवा आदर राखणारा. 'हे आशीर्वाद' असेल तर वयाने वा वर्णाने स्वतःस वडील मानणारा. 'बहुत काय लिहिणे' या शब्दांत तर एक संपूर्ण शिष्टाचार सामावलेला आहे. अधिक लिहिण्याची गरज नाही, आपण सुज्ञ आहात, असा तो सन्मान होय. आणि ज्याने ऐकावयाचे त्याने तो इशारा म्हणूनही ऐकावा, अशी त्यात सोय होती.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असा प्रश्न सहज मनात येईल. याचे कारण असे की, ते पत्र बहुधा एकांतात वाचले जात नसे. दरबारात किंवा सदरेवर ते मोठ्याने वाचून दाखविले जाई. चार मंडळींच्या देखत आपला मान राखला गेला की कमी झाला, हे ऐकणाऱ्यास त्याच क्षणी कळे. म्हणून मायन्यातील एक शब्द गाळणे हे भर सभेत एखाद्याचे आसन एक हात मागे ओढण्यासारखे होते.

राज्यव्यवहाराची ही भाषा कोणत्या वळणाची असावी, याचा जाणीवपूर्वक विचार प्रथम शिवछत्रपतींनी केला. बहमनी व त्यानंतरच्या शाही राजवटींत दफ्तराची मराठी फारसी शब्दांनी इतकी भरून गेली होती की, सामान्य रयतेस ती परकी वाटावी. राज्याभिषेकानंतर महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला. त्यात दफ्तरात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत आणि ते दहा वर्गांत विभागले आहेत. अष्टप्रधानांची नावेही अशीच बदलली. पेशव्याचा मुख्यप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापती झाला. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. राजाज्ञेने नावे बदलली, तरी लोकांच्या जिभेवर जे बसले होते ते सर्वच गेले नाही. पुढे 'पेशवा' हाच शब्द इतिहासात अजरामर झाला, आणि आपण आजही कागद, दफ्तर, हुकूम, अर्ज, मजकूर हे शब्द निःसंकोचपणे वापरतो. भाषा ही आज्ञेने वळते, पण वळताना आपले जुने सोबती बरोबर घेऊन येते.

आपल्या संस्थेच्या कार्यवाहास आपण 'चिटणीस' म्हणतो, तो शब्दही त्याच दफ्तरातला. चिठ्ठी लिहिणारा तो चिटनवीस. त्याचप्रमाणे फर्द लिहिणारा तो फडनवीस आणि फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. दिल्ली, हैदराबाद येथील दरबारांशी फारसीतून बोलावे लागे, म्हणून त्या भाषेची व त्या दरबारांच्या अदबीची माहिती असलेला पुरुष पदरी ठेवणे भागच होते. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहावयास त्यांना सवड झाली नव्हती. महाराजांनी वाचून दाखविण्यास सांगताच त्यांनी कोरा कागद हाती धरून संपूर्ण पत्र अस्खलित 'वाचून' दाखविले. खरी गोष्ट कळल्यावर महाराज रागावले नाहीत, संतुष्टच झाले, अशी ती कथा आहे. ती अक्षरशः खरी मानावी की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट तीवरून उघड होते. चिटणिसाच्या अंगी मायना-मजकुराची घडण इतकी मुरलेली असे की लेखणी हे केवळ निमित्त उरे.

हे लेखन मोडी लिपीत चाले. बोरू न उचलता झरझर लिहिता यावे, हा त्या लिपीचा गुण. पण वेगाबरोबर धोकाही येतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा 'धरावे' या शब्दातील एक अक्षर फिरवून 'मारावे' असे केले गेले, असा प्रवाद महाराष्ट्रात घरोघर पसरला आणि 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार मराठीस कायमचा चिकटला. प्रवादाचे खरेखोटे काहीही असो. एका अक्षराने माणूस जगतो किंवा मरतो, ही लोकांची समजूत त्यात व्यक्त झाली आहे.

आता सरकारी सदर सोडून बाजारपेठेत येऊ. सावकाराची भाषा ही चिटणिसाच्या भाषेच्या अगदी उलट प्रकृतीची. तेथे मानपानापेक्षा बिनचूकपणास महत्त्व. हुंडीत रक्कम एकदा लिहून भागत नसे. शंभर रुपये लिहिले की पुढे त्यांचे निमे पन्नास, त्यांचे दुप्पट शंभर, असा खुलासा करावयाचा, म्हणजे कोणास आकडा खोडून वाढविता येऊ नये. पैसे कोणास द्यावयाचे, हे एका शब्दात सांगितले जाई. 'शाहाजोग' म्हटले की पेठेतील पतदार माणसालाच द्यावयाचे. 'धनीजोग' म्हटले की जो हुंडीचा धनी म्हणून येईल त्यास. हुंडी पाहताच रक्कम द्यावयाची ती 'दर्शनी', ठराविक दिवसांनी द्यावयाची ती 'मुदती'. हुंडी हरवली तर दुसरी 'पैठ', तीही गेली तर 'परपैठ', आणि रक्कम चुकती झाली की त्या कागदाचा 'खोखा' होई. अलंकार नाही, पाल्हाळ नाही. पण दूरदूरच्या पेठांत एकमेकांस कधी न पाहिलेल्या माणसांचा विश्वास या चार शब्दांवर उभा होता. शेकडो कोसांवरचा आडत्या केवळ अक्षर व परिभाषा ओळखून थैली मोकळी करी.

याच सावकारी भाषेने मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत दुःखद वार्ता पोहोचविली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर घोर पराभव झाला. उत्तरेकडे मदतीस निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती वाटेत सावकारांच्या एका कासिदाचे पत्र लागले. त्यात लढाईचे नाव नव्हते, सेनापतीचे नाव नव्हते. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहोरा गेल्या आणि रुपये व तांबे किती गेले त्याची तर गणतीच नाही, अशा आशयाचा व्यापारी मजकूर होता, असे ग्रँट डफ याने आपल्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासात नमूद केले आहे. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे पेशव्यांस समजावयास वेळ लागला नाही. शत्रूच्या मुलखातून जाणारा कागद पकडला गेला तरी कळू नये, आणि पेठेत मात्र ज्याला कळावयाचे त्याला कळावे, म्हणून ती जमाखर्चाची भाषा योजिली होती. आज ते शब्द वाचताना आपणास त्यात करुणरस दिसतो. लिहिणाऱ्या गुमास्त्याने मात्र आपल्या धंद्याच्या रीतीस अनुसरून हानीचा हिशेब तेवढा कळविला होता. त्याच वर्षी जून महिन्यात नानासाहेबांचे देहावसान झाले.

ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे काय, असे कोणी विचारील. त्यांचीही एक लिपी होती. गावात वतनाचा किंवा हद्दीचा तंटा पडला म्हणजे गोत जमे, साक्षी होत आणि निवाड्याचा 'महजर' लिहिला जाई. त्यावर कुळकर्ण्याने सही करावयाची; पण इतरांनी आपापल्या कामाचे हत्यार चितारावयाचे. पाटलाच्या नावापुढे नांगर, सुताराच्या नावापुढे पटाशी, लोहाराचा हातोडा, न्हाव्याचा आरसा, शेट्याची तागडी. 'निशाणी नांगर' हे शब्द अशा कागदांवर वारंवार आढळतात. या निशाण्या पाहताना मन भरून येते. अक्षरशत्रू म्हणून ज्यांची आपण गणना करतो, त्या माणसांनी आपल्या श्रमाच्या साधनालाच आपली सही मानली, आणि त्या सहीला पंचांनी, देशमुख-देशपांड्यांनी व सरकारनेही प्रमाण मानले.

परकीयांशी गाठ पडली म्हणजे रीतीरीतींमधील अंतर अधिक स्पष्ट होते. १६७४ साली राज्याभिषेकाच्या प्रसंगी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला. दुभाषा म्हणून नारायण शेणवी त्याच्याबरोबर होते आणि दरबारातील मध्यस्थीचे काम निराजी पंडितांकडे होते. राज्याभिषेकाच्या दिवशी ऑक्झिंडेनने दुरूनच लवून मुजरा केला व नारायण शेणव्यांनी नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरून दाखविली. महाराजांचे लक्ष जाताच त्यांनी त्यांना सिंहासनाच्या पायापर्यंत जवळ बोलाविले, असे त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. इंग्रजांस कलमवार करार हवा होता. त्यांचे एक मागणे असे की, आपले नाणे महाराजांच्या राज्यात चालावे. महाराजांनी साफ नकार दिला नाही आणि होकारही दिला नाही. आम्ही कोणतेच नाणे बंद करीत नाही, परंतु ज्यात रयतेची नुकसानी होईल ते नाणे घ्या अशी सक्तीही आम्ही रयतेवर करू शकत नाही. तुमचे नाणे कसाला व वजनाला उतरले तर मनाई नाही, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. मागणाऱ्याचा मान राहिला, रयतेचे हित राहिले आणि कलम मात्र घालावे लागले नाही. दरबारी मराठीची ही हातोटी कलमांवर विसंबणाऱ्या व्यापाऱ्यांस नवी वाटली असल्यास नवल नाही.

येथवर आपण या रीतींचे गुण पाहिले. परंतु ज्ञातिसंस्थेच्या अंकात लिहिताना त्यांची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ज्या समाजात मायना माणसाची पायरी ठरवितो, त्या समाजात नमस्कारही जातीप्रमाणे वाटून दिलेला असतो. कोणी 'नमस्कार' म्हणावयाचे, कोणी 'दंडवत', कोणी 'रामराम' आणि कोणी दूर उभे राहून 'जोहार', हे जन्मानेच ठरलेले होते. त्यात फेर करणे हा अपराध गणला जाई. १७७९ साली मुंबईच्या इंग्रज गव्हर्नर व कौन्सिलने सोनार समाजास 'नमस्कार' हा शब्द वापरण्याची मनाई करणारा ठराव केला, ही गोष्ट कागदोपत्री नमूद आहे. व्यापारासाठी आलेल्या परक्या कंपनीने मुंबईतील एका समाजाच्या तोंडातील एक शब्द हुकुमाने काढून घ्यावा, यावरून त्या शब्दाचे मोल त्या काळी केवढे होते याची कल्पना येईल. आज ज्या शब्दाने आपण कोणाचेही सहज स्वागत करतो, तो उच्चारण्याच्या हक्कासाठी एका समाजास झगडावे लागले होते.

'जोहार' या शब्दाचा इतिहास याहून अधिक विचार करावयास लावणारा आहे. महार समाजावर लादलेले हे अभिवादन संत चोखोबांनी विठ्ठलाच्या दारी नेले आणि त्याची प्रार्थना केली. पण देवाच्या दारी त्याची प्रार्थना झाली, तरी गावच्या वेशीत त्याचा जाच कमी झाला नाही. एकोणिसाव्या शतकात महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि मध्यस्थावाचून माणसाने माणसाशी व ईश्वराशी बोलावे, हा विचार रुजविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले, त्याचे नावच 'मूकनायक'. ज्यांना बोलूच दिले नव्हते त्यांच्या वतीने ते बोलणार होते. पुढे 'जोहार' गेला आणि त्याच्या जागी 'जय भीम' आला. त्याच्या प्रसाराचे श्रेय बाबू हरदास यांना दिले जाते. लवून करावयाच्या अभिवादनाऐवजी ताठ मानेने करावयाचे अभिवादन एका समाजाने स्वतः निवडले. राज्यव्यवहारकोश हा राजाज्ञेने झालेला भाषापालट होता. हा पालट कोणत्याही राजाज्ञेवाचून झाला.

इंग्रजी अमदानीत पत्राचे बाह्य रूपही पालटले. १८५४ साली देशभर एकसारखा टपालदर झाला. १ जुलै १८७९ पासून पाव आण्यात पोस्टकार्ड मिळू लागले. एवढ्याशा कार्डावर 'अखंडित लक्ष्मी अलंकृत' कोठे मावणार? मग 'कृ. सा. न. वि. वि.', 'अ. आ.', 'ती.', 'चि.', 'ता. क.' अशी आद्याक्षरे आली. मायना आटला, पण नाहीसा झाला नाही. शिवाय कार्डाने स्वतःची एक अबोल भाषा निर्माण केली. मंगलकार्याच्या पत्रिकेस कोपऱ्यांवर हळदकुंकू लागे. मृत्यूची वार्ता असलेल्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. निरक्षर म्हातारीलाही पोस्टमनच्या हातातील कार्डाचा कोपरा पाहून मजकूर कळत असे. महजरावर नांगर काढणाऱ्या पाटलाचीच ही परंपरा होय.

छापखान्याबरोबर बाळबोध लिपी सर्वत्र पसरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून व कचेऱ्यांतून उठली. त्याचा परिणाम असा झाला की, आपल्याच आजोबा-पणजोबांचे कागद आपल्यालाच वाचता येईनासे झाले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असे कागद जमविले व 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्या मालेचे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादिले. परंतु हे सारे दर्यात खसखस म्हणावे इतके कागद अद्याप दफ्तरखान्यांत व माळ्यांवर पडून आहेत.

हे कागद केवळ पंडितांच्या कामाचे आहेत, असे समजणाऱ्यांचा भ्रम २०२३ साली दूर झाला असेल. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली जाऊन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी मोडी दफ्तरे उघडावी लागली आणि मोडी वाचणारांची एकदम गरज भासू लागली. जे कागद काल वाळवीचे भक्ष्य होते, ते आज माणसाच्या हक्काचा पुरावा ठरले. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूशी या लेखास कर्तव्य नाही. कागद जपावयाचा तो गरज पडण्यापूर्वी, एवढाच त्यातील बोध आपण घ्यावा.

म्हणून ज्ञातिबंधू-भगिनींस दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली ही की, ज्यांच्या घरी जुन्या रुमालात बांधलेली मोडी पत्रे, खतपत्रे, हिशेबाच्या वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. निदान त्यांची छायाचित्रे काढून संस्थेकडे द्यावीत. आपल्या पूर्वजांनी कोणास कोणता मायना लिहिला व त्यांना कोणता मायना आला, यात आपल्या समाजाचा खरा इतिहास आहे. तो अभिमानाचा असेल तेथे अभिमानाने आणि लाजेचा असेल तेथेही धैर्याने वाचला पाहिजे. दुसरी विनंती तरुणांस. मोडी शिकणे दुर्घट नाही. २०१४ पासून संगणकाच्या युनिकोड पद्धतीतही तिला स्थान मिळाले आहे. आपल्या वसतिगृहात सुटीच्या दिवसांत एखादा वर्ग चालविता आला, तर दहा मुले तरी तयार होतील.

पूर्वजांच्या मायन्यात दोन गोष्टी एकत्र गुंफलेल्या होत्या: दुसऱ्याविषयीचा आदर आणि दुसऱ्याची पायरी. पायरी मोडावयास आपल्या थोर पुरुषांना दीड शतक खपावे लागले व ते काम अजून पुरे झालेले नाही. ती मोडताना आदरही गमावून बसू नये, एवढी काळजी आपल्या पिढीने घ्यावी. बहुत काय लिहिणे, वाचक सुज्ञ आहेत.